नस सिमेंटानं मरते का घाईनं?

निंबाचीकाडी
सकाळपासून एक पोस्ट फिरते आहे: ‘दातातलं पांढरं सिमेंट (कंपोझिट) विषारी, नसेच्या पेशी मारते, खेड्यातल्या माणसानं चांदीच (अमाल्गम) भरावी.’ अर्धवट माहिती! एचईएमए, टीईजीडीएमए हे मोनोमर, म्हणजे कंपोझिटातला कच्चा माल, प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीतल्या पेशींवर टाकले की पेशींना जपणारं ग्लुटाथिओन संपतं आणि त्या मरतात, हे खरं. पण दातात नस उघडी नसते, मधे डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, असतं. अर्धा मिमी उरलं तरी झिरपणारा माल बराच घटतो. पाव मिमीच उरलेल्या डेंटिनवर थेट ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड लावून बाँड (कंपोझिट चिकटवणारा द्रव) चोळला तर दोष मालाचा का हाताचा? तिथं तळाला आधी एमटीए (नस जपणारं सिमेंट), वर जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट), मग कंपोझिट.

चांदीवाला
एमटीएचा भाव माहीत हाय का? तालुक्याच्या दवाखान्यात पेशंट एका फेरीत दाढ भरून मागते. चांदी थोड्या ओलीतही बसते, अन् मोनोमरचं नावच नाही त्यात.

निंबाचीकाडी
मोनोमर नाही, पण निम्मा पारा आहे भाऊ. ताज्या चांदीतून सुटणारं तांबं अन् जस्त ताटलीत पेशी मारतंच. शिवाय २०२२ मध्ये मिनामाटा कराराच्या, म्हणजे पारा घटवायच्या कराराच्या, देशांनी ठरवलं: दुधाचे दात, १५ वर्षांखालची मुलं, गरोदर अन् अंगावर पाजणाऱ्या बायांना, डॉक्टरला गरजच वाटली नाही तर, चांदी नको.

चांदीवाला
मोठ्या माणसाला तं चालते ना? मग?

खर्राबंदी
तुमचं भांडण चालू द्या, पण अर्ध्या दाढा खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीनं) झिजलेल्या येतात, त्यावर कोणी बोलत नाही.

लाइटगन
खर्रा वेगळ्या धाग्यावर, बाप्पा. विषाची खरी वाट अर्धवट सुकलेलं कंपोझिट. कंपोझिट लाइटनं सुकते: २ मिमीचा एक थर, त्याला २० सेकंद लाइट. इथं ४ मिमी कोंबतात, लाइटचं टोक लांब धरतात, टोकावर जुनं कंपोझिट चिकटलेलं. वर कडक, खाली कच्चं. तो कच्चा माल नसेकडं झिरपतो. अन् खाली युजेनॉलचं (लवंगेच्या तेलातल्या द्रव्याचं) सिमेंट ठेवून वर थेट कंपोझिट लावणारे महाभाग! युजेनॉल कंपोझिटातल्या रेझिनला नीट सुकू देत नाही.

टाकीचंपाणी
सगळे मालावरच घसरले. एअरोटरचं, म्हणजे दात कोरायच्या वेगवान यंत्राचं, काय? मिनिटाला निदान ५० मिली पाणी लागते. खुर्चीची पाण्याची बाटली संपली तरी बर (कोरायचं टोक) फिरतच राहते. १९६५ च्या माकडांवरच्या प्रयोगात नसेचं तापमान ५.५ अंशांनी वाढलं अन् १५ टक्के दातांच्या नसा सावरल्या नाहीत. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट जोडलं तं ते थंड काय करणार?

चांदीवाला
म्हणजे आता विदर्भाचं ऊनही आरोपी!

टाकीचंपाणी
ऊन नाही, रिकामी बाटली. बाटलीत सावलीतलं पाणी भरा, फवारा बरच्या टोकावर पडते का ते पहा, अन् बर दाबून न धरता टेकवून उचला.

लाइटगन
पाण्याचं मान्य. पण खोदून झाल्यावर डेंटिन हवेनं खणखणीत वाळवलं तरी नस बोंबलते. ओलसर ठेवा.

चांदीवाला
बरं, पांढरं विषारी नाही, सगळे डॉक्टरच विषारी. खोल दाढेत तळाला नस जपायला कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या लेपाचा ठिपका मी ठेवतोच, तेवढं तं चालते?

निंबाचीकाडी
चालते. पण ठिपकाच. सगळ्या तळावर पसरलं तर पुढं विरघळून खाली पोकळी राहते, अन् चांदी खचते. तुमचीच चांदी.