पासबुकात 'जमा', वहीत 'नावे' : चूक कोणाची?

अकरावी कॉमर्स, सक्करदरा :
बाबांचा तर्री-पोह्याचा ठेला आहे. पुस्तपालनाचा सराव म्हणून त्याचाच हिशोब रोजकीर्दीत (रोजच्या व्यवहारांच्या नोंदवहीत) लिहिते आहे. सोमवारी गल्ल्यातले ४,००० बँकेत भरले. वर्गात शिकवल्याप्रमाणे लिहिलं : बँक खाते नावे (डेबिट), रोख खात्याला, म्हणजे रोख जमा (क्रेडिट). पासबुक भरून आणलं तर तेच ४,००० तिथं 'जमा' रकान्यात! सरांना विचारलं. म्हणाले, नियम पाठ कर, मार्क मिळतात. पण दोघांपैकी कोणीतरी उलटं लिहितंय ना?

बीकॉम फायनल :
जे येतं ते नावे, जे जातं ते जमा. जास्त डोकं लावू नको.

इतवारीचा जुना मुनीम :
भाऊ, तो नियम रोख, माल, कढई अशा वास्तव खात्यांचा. बँक येते व्यक्तिगत खात्यात : घेणारा नावे, देणारा जमा.

पोरी, उलटं कोणीच लिहिलं नाही. इतवारीत धान्याच्या पेढीवर मी तीस वर्षं वह्या लिहिल्या. कागद हातात आला की पहिले पाहायचं, वही कोणाची. पासबुक तुझ्या कपाटात राहते म्हणून तुझं वाटते, पण ती बँकेच्या खतावणीतल्या, म्हणजे खातेवहीतल्या, बाबांच्या खात्याची नक्कल आहे. तुझ्या वहीत बँकेनं पैसे घेतले, म्हणून बँक नावे. तिच्या वहीत बाबांनी दिले, म्हणून बाबा जमा. बाबा बँकेचे धनको झाले, म्हणजे बँक त्यांचं देणं लागते. आमची वही अन् कळमन्याच्या अडत्याची वही मी समोरासमोर ठेवून मिळवत असे. त्याच्याकडे जमा ते आमच्याकडे नावे निघालं की चहा सांगायचा. दोन्हीकडे नावेच निघालं की संध्याकाळ गेली.

पुढं ताळेबंदात भांडवल देयतेच्या बाजूला दिसेल, तेव्हा दचकू नको. तू लिहितेस ती वही बाबांची नाही, ठेल्याची. गाडी-कढईला बाबांनी घातलेले पैसे ठेला त्यांचं देणं लागते. अन् बाबा गल्ल्यातून घरच्या भाजीला दोनशे काढत असतील, तर ती उचल. पोहे-तेलाच्या खर्चात ढकललेस तर नफा उगाच कमी दिसेल.

अकरावी कॉमर्स, सक्करदरा :
भांडवलाचं बाबांना सांगितलं. म्हणाले, मग ठेल्याला म्हणा, परत कर माझे पैसे.
काका, अजून एक. पासबुकाची शिल्लक माझ्या वहीपेक्षा ११८ नं कमी आहे. शोधलं तर पासबुकात 'नावे' रकान्यात ११८ सापडले, बँकेचं शुल्क. म्हणजे तिच्या वहीत बाबा नावे, तर माझ्या वहीत बँक शुल्क नावे, बँक खात्याला. बरोबर?

इतवारीचा जुना मुनीम :
एकदम. १०० शुल्क अन् त्यावर १८ टक्के जीएसटी. आपली वही अन् पासबुक यांतला फरक जुळवायचा, त्या बँक जुळवणी पत्रकाचा अर्धा धडा झाला समज. चेक भरला अन् वटायचा राहिला तरी फरक पडते, पण तिथं वहीत खोडाखोड करायची नाही, वटेपर्यंत थांबायचं. बाकी ते शंभर कशाचे कापले, हे बँकेत जाऊन विचार मात्र.