‘बॉग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : स्कॉटलंडमधल्या एका दुर्मीळ चतुरावर (ड्रॅगनफ्लायवर) मजकूर लिहितोय. नॉर्दर्न एमरल्ड, शास्त्रीय नाव सोमॅटोक्लोरा आर्क्टिका. ब्रिटनमध्ये तो फक्त स्कॉटलंडच्या वायव्येला, आणि पलीकडे आयर्लंडात केरी परगण्यात. राहतो ‘बॉग’मध्ये. मी ‘दलदल’ लिहिलंय, पण मन मानत नाही. त्याच्या लार्व्हाला अळी म्हणू का?

—  दलदल म्हटली की मला रुतलेली म्हैस दिसते. बॉगमध्ये चिखलापेक्षा शेवाळ जास्त. स्फॅग्नमची ओली गादीच. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरते, पाय ठेवला की दबते. गेलिक भाषेत ‘बोग’ म्हणजे मऊ, तिथूनच हा शब्द आला. खालचं शेवाळ आम्लामुळे नीट कुजत नाही, त्याचं पीट होतं, वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. ‘पाणथळ’ चुकीचं नाही, पण त्यात नांदूर मध्यमेश्वरही आलं आणि लोणारही.

—  मग खाजण?

—  छे! खाजण भरतीच्या खाऱ्या पाण्याचं, बांध घातलेलं. बॉग जगतं मुख्यतः पावसावर, म्हणून तिथे क्षार कमी. आपल्याकडे जवळचं काही असेल तर पावसाळ्यातला कासचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. तिथल्या निकस ओल्या जमिनीत कीटक खाणारी दवबिंदू वनस्पती उगवते, तिचेच भाऊबंद स्कॉटलंडच्या बॉगमध्येही आहेत. पण सडा दिवाळीनंतर वाळतो, त्यामुळे शब्द उसना घेता येणार नाही. सरळ ‘बॉग’ लिहा, पहिल्यांदा ‘शेवाळाची पाणथळ’ अशी फोड करा.

अळी मात्र नको. अळी म्हटली की पुढे कोष येतो, चतुराला कोषावस्था नसते. तुडतुड्यांच्या बाबतीत शेतकी पत्रकात ‘पिल्ले व प्रौढ’ छापतात, ते इथे चपखल बसतं. या चतुराची पिल्लं उथळ डबक्यातल्या शेवाळात किमान दोन वर्षं काढतात. चर खणून बॉगचं पाणी काढलं की ती संपलीच.

प्रश्नकर्ता : पटलं, ‘पिल्लं’ घेतो. आणि एमरल्डचं ‘उत्तरी पाचू’ केलं तर?

—  डोळे पाचूसारखे असतात खरे, अंग मात्र काळपट काशाचं. नुसतं ‘उत्तरी पाचू’ वाचून लोक सराफाकडे जातील. पुढे ‘चतुर’ जोडाच. आणि ‘टाचणी’ लिहू नका, तो चतुरासारखाच पण वेगळा, नाजूक कीटक. ती बसताना पंख मिटते, हा पसरून बसतो.