खुनी कोण ते सांगायचं नसेल, तर मुखपृष्ठावर ‘रहस्यकथा’ छापू नका

महालकर (धागाकर्ता)

मराठीतल्या छोट्या प्रकाशकांनी अलीकडे एक चांगलं काम चालवलंय. तीनशे-पाचशे प्रतींची आवृत्ती, देखणं मुखपृष्ठ, नवा लेखक. मोठी दुकानं अनुवाद आणि ‘यशस्वी कसे व्हाल’ छाप पुस्तकांपलीकडे बघत नसताना ही मंडळी गुन्हेगारी, रहस्य असल्या गोष्टींवर पैसे लावतात, याचं कौतुकच आहे. माझं भांडण वेगळं आहे.

परवा बर्डीवरून अशीच एक कादंबरी आणली. नाव घेत नाही, लेखक नवीन आहे. पाठीवर तीन शब्द: रहस्य, न्वार (म्हणजे म्हणे काळोखी गुन्हेकथा), साहित्यिक. गोष्ट आपल्या नागपुरातलीच. बेसा रोडकडच्या लेआउटमध्ये एकच प्लॉट तिघांना विकलेला आणि विकणारा दलाल नाल्यात मेलेला. पहिली शंभर पानं ताटावर बसूनच वाचली, बायकोची बोलणी खाल्ली. मग तपास करणारा फौजदार आपल्या बापाच्या आठवणीत शिरला तो शिरलाच. शेवटच्या पानावर तो गच्चीत उभा आहे, खाली कूलरचा आवाज येतोय, आणि संपलं. दलालाला कोणी मारलं? ते म्हणे वाचकाने ठरवायचं.

का म्हणून? साडेतीनशे रुपये मी दिले आणि ठरवायचंही मीच? पहिल्या प्रकरणात प्रेत ठेवलं की लेखकाने वाचकाकडून उधारी घेतली. शेवटच्या प्रकरणात ती फेडायची असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओसरीवरही घेतलं नाही, पण त्यांचा नायक झुंजार असो की काळापहाड, शेवटी हिशेब चुकता व्हायचाच. ‘साहित्यिक’ म्हणवून घ्यायला शेवट मोकळा सोडायचा, ही फॅशन छोट्या प्रकाशनांतून बोकाळली आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

रात्रपाळी_हिंगणा

एकदम बरोबर बोलले भाऊ. मी एमआयडीसीत रात्रपाळी करून राहिलो, दोन ते चार डोळे उघडे ठेवाले पुस्तक लागते. आठवणीत शिरणारा फौजदार आला का डोळे मिटलेच समजा. लेखकाले खुनी माहीत नसन तर मले काहून विचारून राहिला?

वकीलीणबाई

महालकर काका, तुमचा राग समजतो, पण पुस्तकात जे घडलं तेच आमच्याकडे रोज घडतं. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना कोर्टात समरी पाठवतात. ‘ब’ समरी म्हणजे तक्रारच जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे ना खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. आणि ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा पुरेसा नाही. कायद्यांची नावं १ जुलै २०२४ला बदलली, हे शब्द कोर्टात तसेच आहेत.

एक प्लॉट तिघांना विकल्याची तक्रार घेऊन माणूस ठाण्यात गेला, की पहिलं उत्तर काय मिळतं विचारा कोणालाही. ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ दिवाणी कोर्टात वर्षं जातात. त्या तिघांपैकी एकाने दलालाला नाल्यात ढकललं असेल आणि फाइल ‘अ’ समरीत बंद झाली असेल, तर ते लेखकाचं पळून जाणं नाही, ती या शहराची वस्तुस्थिती आहे. सगळं उलगडून आरोपीला बेड्या घालणारी कादंबरी मला तरी परीकथा वाटते.

तर्रीबाज

धागा वाचता वाचता पोहे गार झाले. वकीलीणबाईंनी मर्डर समरीत काढला, प्लॉट कोणाकडे गेला ते सांगा. रेट काय चालू आहे तिकडे?

महालकर

तर्रीबाज, तू गप बस बे.

वकीलीणबाई, ‘अ’ समरीची माहिती उत्तम, पण ती माझ्याच बाजूची आहे. पोलिसांना आरोपी कोर्टात सिद्ध करायचा असतो. साक्षीदार फिरतो, पंच फुटतो, मग फाइल बंद. लेखकाला कुठलं कोर्ट आलंय? त्याला पंचनामा लागत नाही, साक्षीदार लागत नाही. खुनी सुटला तरी माझी हरकत नाही, खुशाल सुटू दे, नगरसेवक होऊ दे. पण कोण होता तो, हे मला कळलं पाहिजे. ठाणेदाराला तरी मनातून माहीत असतंच ना? मग वाचक ठाणेदाराहून खालचा का?

नवतपा

दोघंही चुकीच्या पुस्तकाबद्दल भांडताय. रहस्यकथा आणि न्वार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रहस्यकथेत प्रेत आधी आणि उत्तर शेवटी. न्वारमध्ये बऱ्याचदा कोणी काय केलं ते अर्ध्यातच कळलेलं असतं. प्रश्न असतो की साधासुधा माणूस एवढा खाली कसा घसरला, आणि त्याला खाली ढकलणारं शहर कसलं. अमेरिकेत हे लिखाण स्वस्त कागदाच्या मासिकांतून आलं. पॅरिसमध्ये १९४५ साली गालिमार या प्रकाशनाने त्यासाठी स्वतंत्र मालिका काढली, तिच्या नावावरूनच पुढे सगळ्या प्रकाराला नाव मिळालं. ब्रुकलिनच्या अकाशिक बुक्स या छोट्या प्रकाशनाने २००४ पासून शहरागणिक न्वार कथासंग्रह काढले, दिल्लीचा २००९ला, मुंबईचा २०१२ला. प्रत्येक कथा एकेका वस्तीत रुजवायची ही त्यांची अट. त्या कथांत कोडं सुटतं की नाही याला दुय्यम महत्त्व असतं.

म्हणून माझं म्हणणं: पुस्तक निर्दोष, पाठीवरचा पहिला शब्द दोषी. ‘रहस्य’ काढून टाका, महालकरांची तक्रार तिथेच मिटते.

आणि आता माझी स्वतःची तक्रार. नागपूरची न्वार म्हणून लिहितात आणि त्यात पाऊस, धुकं, ओले रस्ते, सिगारेटचा धूर! अरे, आपल्याकडे काळोखाची वेळ दुपारची आहे. पंचवीस मेनंतरचे नऊ दिवस, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दोन वाजता बर्डीवर माणूस नाही. दारं बंद, खिडकीला वाळ्याचे ताटे, कूलरच्या घरघरीत शेजारच्या घरातली किंकाळीसुद्धा ऐकू जाणार नाही. त्या वेळी कोणी रस्त्याने चालत असेल तर त्याच्याकडे नक्की काहीतरी कारण असणार. हे सोडून फुटाळ्यावर धुकं काय पसरवता? (महालकरांच्या पुस्तकात कूलर तरी आहे, हे त्या लेखकाच्या बाजूने नोंदवून ठेवतो.)

पुणेकर_सध्या_मनीषनगरात

चर्चा छान. परंतु या छोट्या प्रकाशनांच्या पुस्तकांत संवाद इतके स्थानिक असतात की बाहेरच्या वाचकाला दर पानावर अडखळायला होतं. ‘करून राहिला’, ‘काहून’, मध्येच हिंदी. साहित्यिक म्हणायचं तर निदान निवेदन तरी प्रमाण मराठीत हवं. आणि मुद्रितशोधनाबद्दल न बोललेलंच बरं.

रात्रपाळी_हिंगणा

साहेब, जरीपटक्याचा दुकानदार, मोमिनपुऱ्याचा मेकॅनिक अन् महालातला सावकार तिघं एकमेकाइले धमकी कोणत्या भाषेत देतीन? प्रमाण मराठीत? ‘कृपया आपण रक्कम परत करावी, अन्यथा’? निवेदन कसंही लिहा, धमकी आमच्याच भाषेत पायजे. मुद्रितशोधनाचं तुमचं बरोबर आहे, तिथं मी काही बोलत नाही.

निवृत्त_ग्रंथपाल

मी विदर्भातल्या एका शासनमान्य ‘ब’ वर्ग ग्रंथालयात नोकरी केली. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

ज्या पुस्तकांना इथे कोणी ‘साहित्यिक’ म्हणेल ती पुस्तकं आमच्याकडे तपासणीच्या दिवशीसुद्धा नवीकोरी निघायची. रहस्यकथांची बांधणी मात्र पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागे. शेवटचं पान नेहमी आधी सुटायचं, कारण निम्मे लोक तेच आधी वाचायचे. काही महाभाग तर पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून पुस्तक परत करत. अशा वाचकाला तुम्ही मोकळा शेवट देऊन बघा. तो पुस्तक काउंटरवर आपटून विचारतो, ‘शेवटची पानं फाडली कोणी?’ हे मी ऐकलेलं आहे, आणि पानं मोजून दाखवली तरी त्याचं समाधान झालं नव्हतं.

दुसरं म्हणजे नवतपा यांचं ‘कोडं दुय्यम’ हे म्हणणं मला मान्य नाही. कोडं रचायला डोकं लागतं. सहाव्या प्रकरणातली चावी वीसाव्या प्रकरणात त्याच कुलुपाला लागली पाहिजे, आणि मधे वाचकाला ती दिसूनही दिसता कामा नये. हे कसब ज्यांच्याकडे नाही ते वातावरण लिहितात. वातावरण लिहिणं सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण तिथे चूक पकडली जात नाही एवढं खरं. अर्नाळकरांना हसणाऱ्या किती जणांना एक सरळ, न गळणारी रहस्यकथा लिहिता येईल?

वकीलीणबाई

ग्रंथपाल काकांना नमस्कार. पण महालकर काकांच्या ‘ठाणेदाराला मनातून माहीत असतं’ या वाक्यावर मला परत यायचंय.

ऑगस्ट २००४ आठवतोय ना सगळ्यांना? वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या एका गुंडाला याच शहरात, जिल्हा न्यायालयात, भर दुपारी जमावाने ठार मारलं. पुढे झाल्या स्त्रिया. अटक झालेल्यांसाठी अख्खी वस्ती उभी राहिली, आम्हीच मारलं म्हणाली. खटला दहा वर्षं चालला आणि आरोपी पुराव्याअभावी सुटले. आता सांगा, ‘कोणी मारलं?’ हा प्रश्न तिथे विचारायला जागा आहे का? सगळ्यांना ठाऊक आणि कायद्याला कोणीच नाही. त्यावर कोणी गंभीरपणे लिहिलं आणि शेवटी एका बाईकडे बोट दाखवून ‘ही खुनी’ म्हटलं, तर ती कादंबरी खोटी होईल. काही गोष्टींत एकच नाव सांगणं हाच गोष्टीवर अन्याय असतो.

महालकर

हे उदाहरण जड आहे, त्यावर हुज्जत घालणार नाही. पण बघा, त्यात लपवलेलं काय आहे? वाचकाला पहिल्यापासून सगळं समोर. कोण, का, कसं. ती गोष्ट ‘वस्तीने मारलं’ असं छातीठोक सांगते. हा मोकळा शेवट नव्हे, हे उत्तरच आहे. माझ्या दलालाच्या बाबतीत लेखकाने तिन्ही खरेदीदारांना संशयित करून ठेवलं, एकाच्या स्कूटरवर चिखल दाखवला, दुसऱ्याच्या बायकोला खोटं बोलायला लावलं, आणि मग चिखलाचं काय झालं ते विसरूनच गेला. तिथे समाज नाही की तत्त्वज्ञान नाही, तिथे निव्वळ आळस आहे. तुम्ही आळसाला २००४च्या मागे लपवू नका, एवढीच विनंती.

वकीलीणबाई

स्कूटरवरचा चिखल विसरला असेल तर मात्र फाशी. तिथे मी वकीलपत्र सोडते. मोकळ्या शेवटाचं सोडत नाही.

गांधीबाग_छपाई

मी लहान प्रकाशक आहे, वर्षाला चार-पाच पुस्तकं काढतो. (महालकर म्हणतात ते पुस्तक माझं नाही, शपथ.) पाठीवर तीन शब्द का येतात ते सांगतो, त्यात तत्त्वज्ञान काहीच नाही.

विक्रेता-वितरक मिळून छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास घेतात, काही जण त्याहून जास्त. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईवर आहे, आणि तो आम्हाला परत मिळत नाही. तीनशे प्रती छापल्या की प्रतीमागे खर्च हजाराच्या आवृत्तीपेक्षा कितीतरी चढतो. म्हणून ते साडेतीनशे रुपये. आता ‘रहस्य’ लिहिलं नाही तर प्रदर्शनात पोरं हात लावत नाहीत. ‘साहित्यिक’ लिहिलं नाही तर परीक्षण येत नाही आणि पुरस्काराला पाठवता येत नाही. ‘न्वार’ लिहिलं की ऑनलाइन घेणारे तरुण येतात. तिन्ही दरवाजे उघडे ठेवतो, कुठून तरी कोणी आत येईल म्हणून.

पोस्टाचं वेगळंच. स्वस्त बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. मे २०२५पासून ज्ञान पोस्ट आलं, तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून, चांगली गोष्ट आहे. पण ते शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. खिडकीवरच्या माणसाला ‘नाल्यातला दलाल’ यापैकी कशात बसतो ते मी काय समजावू?

तर्रीबाज

सामाजिक. नाल्याची सफाई.

निवृत्त_ग्रंथपाल

प्रकाशक महाशय, तुमची अडचण खरी. पण तिन्ही दरवाज्यांतून आलेले तिन्ही वाचक नाराज होऊन गेले तर पुढच्या पुस्तकाला कोण येईल? चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २००८ साली तमिळ पल्प, म्हणजे स्वस्त कागदावरच्या खपाऊ, कथांचा संग्रह इंग्रजीत काढला, तेव्हा ‘पल्प’ हाच शब्द मिरवला. ‘साहित्यिक’ची झूल पांघरली नाही. पुस्तक गाजलं. आपण आपल्या मालाला आधी लाजतो, ही खरी अडचण आहे.

नवतपा

सहमत. आणि विषयांची ददात नाही. डिसेंबरात अधिवेशनासाठी अख्खं सरकार इथे उतरतं. रविभवन, आमदार निवास भरलेलं, रस्त्यावर मोर्चे, हॉटेलांत खोली नाही, सगळ्या राज्याचे दलाल एका शहरात. वर कोळसा आहे, कन्हानची वाळू आहे, गुंठेवारीचे लेआउट आहेत. एवढं असताना आमचे लेखक फौजदाराच्या बापाकडे का जातात कोण जाणे.

पुणेकर_सध्या_मनीषनगरात

बापाच्या आठवणींवर एवढा राग का? मला तो भाग वाचायला आवडेल. तपास कोणीही लिहितो. फौजदार घरी गेल्यावर कोण असतो, हे लिहिण्यासाठीच तर छोटी प्रकाशनं हवीत.

महालकर

वाचा, जरूर वाचा. माझी प्रत नेऊन वाचा, परत नाही दिली तरी चालेल.

गांधीबाग_छपाई

पुढच्या महिन्यात आमचं एक येतंय. अधिवेशनाच्या काळातली गोष्ट, आमदार निवासात घडलेली. पाठीवर एकच शब्द ठेवायचा म्हणता तर ‘न्वार’ ठेवतो. नोंदणी केली तर टपालखर्च माझा.

रात्रपाळी_हिंगणा

पैसे आत्ता पाठवतो, पण आधी सांगा, खुनी सापडते का?

गांधीबाग_छपाई

सापडतो. पकडला जात नाही.

रात्रपाळी_हिंगणा

चालते. दोन प्रती पाठवा.

नवतपा

अहो प्रकाशक, शेवट फोडलात ना!