हायडॅटिडच्या अँटिबॉडी तपासणीसाठी रक्ताचा नमुना कसा पाठवावा?

प्रश्न (ग्रामीण रुग्णालयातील लॅब टेक्निशियन):
नमस्कार. मेंढपाळ कुटुंबातील एका रुग्णाच्या सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली असून डॉक्टरांनी हायडॅटिडची (कुत्र्यांतील फीतकृमीमुळे होणाऱ्या पाणीदार गाठीच्या आजाराची) आयजीजी अँटिबॉडी (रक्तातील एका प्रकारचे प्रतिपिंड) तपासणी सांगितली आहे. ती आमच्याकडे होत नाही. आज शुक्रवार असून नमुना शहरात नेणारी गाडी सोमवारी आहे. प्लेन बल्बमधले (गोठू न देणारे रसायन नसलेल्या नळीतले) रक्त तसेच फ्रिजमध्ये ठेवावे का? शिवाय, अशा तपासणीला रक्त रात्रीच घ्यावे लागते, असे एक सहकारी म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर १:
रक्त तसेच ठेवू नये. प्लेन बल्बमध्ये ३ ते ५ मिली रक्त घ्या, बल्ब अर्धा तास उभा ठेवा आणि गुठळी पूर्ण बसल्यावरच सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवा). घाई केली तर सीरममध्ये (गुठळीवर उरणाऱ्या द्रवात) फायब्रिनचे, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचे, धागे राहतात आणि एलायझा (अँटिबॉडी शोधण्याची चाचणी) करणाऱ्याला ते त्रासाचे ठरतात. वरचे पिवळसर सीरम गुठळीला धक्का न लावता स्क्रू झाकणाच्या छोट्या नळीत काढून २ ते ८ अंशांवर ठेवा. सोमवारपर्यंत ते उत्तम टिकते. न वेगळे केलेले रक्त फ्रीझरमध्ये मात्र कदापि ठेवू नये, कारण तांबड्या पेशी फुटून सीरम लाल होते आणि असा नमुना बहुधा परत येतो. नळीवर रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक व तारीख पुसली जाणार नाही अशा शाईने लिहा. नळी शोषक कापसासह गळती न होणाऱ्या दुसऱ्या डब्यात घालून मगच जेल पॅकच्या पेटीत ठेवावी.

उत्तर २:
रात्रीचे रक्त हत्तीरोगासाठी घेतात. त्याच्या सूक्ष्म अळ्या रात्री १० ते २ च्या सुमारास रक्तात सर्वाधिक येतात आणि काचपट्टीवर त्याच शोधायच्या असतात. अँटिबॉडी दिवसभर रक्तात असतात, त्यामुळे रुग्णाला उगाच जागवू नका.

उत्तर ३:
फॉर्मवर फक्त ‘हायडॅटिड’ एवढेच लिहून पाठवू नये, ही कळकळीची विनंती. गाठ कुठे आहे, कुत्र्या-मेंढ्यांशी संपर्क किती, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का आणि अल्बेंडाझोल (कृमिनाशक औषध) सुरू आहे का, हे सारे कळवा, कारण फीतकृमीच्या इतर संसर्गांतही ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि गाठ असूनही निगेटिव्ह येऊ शकते, विशेषतः ती फुप्फुसात असेल तर. निगेटिव्ह अहवाल आला म्हणून पूर्वतयारीशिवाय गाठीत सुई घालण्याचा विचार कोणी करत असेल, तर आधी सर्जनशी बोलावे. गाठीतले पाणी पोटात सांडल्यास तीव्र ॲलर्जीने रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सीरम आजच वेगळे करतो आणि फॉर्म डॉक्टरांसोबत बसून भरतो.