गाडीतला दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, दोष कुठे शोधू?

प्रश्न

गाडी हॅचबॅक, नऊ वर्षांची. गेला दीड महिना छतावरच्या दिव्याने वैताग आणलाय. रात्री गतिरोधकावरून गाडी गेली की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने हळूहळू विझतो. दारं सगळी नीट लागलेली. आणि डिकी उघडल्यावर जेव्हा खरंच लागायला हवा, तेव्हा चारांतल्या तीन वेळा ढिम्म.

गॅरेजमध्ये दोनदा नेली. तिथे पोचली की शहाण्या मुलासारखी वागते. पहिल्यांदा बल्ब बदलून मिळाला, दुसऱ्यांदा ड्रायव्हरच्या दाराचा स्विच. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

गणित शिकवते, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड आहे. आतापर्यंत १३ वेळा दिवा आपोआप लागला, त्यातले ११ वेळा गतिरोधक किंवा खड्डा. पावसाशी संबंध दिसत नाही. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.२. फ्यूज एकदाही उडालेला नाही. घरी मल्टिमीटर आहे. छताचं अस्तर उचकटून दिव्याची वायर बघणार होते, त्याआधी म्हटलं विचारावं.

प्रतिसाद १

अस्तराला हात लावू नका. तुमच्या प्रश्नातला कामाचा शब्द 'हळूहळू' हा आहे. दिव्यापाशी लूज कॉन्टॅक्ट असता तर तो फडफडला असता, झटकन गेला असता. मंद होत विझतो म्हणजे त्याला विझायला कोणीतरी रीतसर सांगतंय. ते काम बॉडी कंट्रोल मॉड्यूलचं, म्हणजे दिवे, दारं वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाचं. 'दार उघडलं, आता बंद झालं' असा निरोप त्याला मिळतोय. दिवा बिचारा हुकमाचा ताबेदार, निरोप खोटा आहे. बल्ब बदलून काही झालं नाही ते त्यामुळेच.

आता दोन गोष्टी बघा. दिवा लागतो त्या क्षणी डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचं चिन्ह येतं का, आणि कोणत्या दाराचं? दुसरं, डिकीवरची बाकीची उपकरणं, म्हणजे मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा, नीट चालतात का?

प्रतिसाद २

एवढं कशाला? एलईडी टाका आणि मोकळे व्हा. माझ्या गाडीत टाकलाय, झकास चालतो.

प्रतिसाद ३

एलईडी टाकून हा दोष जाणार नाही, उलट नवा गोंधळ होईल. १० वॉटचा साधा बल्ब पाऊण अँपियरच्या वर घेतो, एलईडी त्याच्या अंशभर. काही गाड्यांत मॉड्यूल वायर तपासायला जो बारीकसा प्रवाह सोडतं, तेवढ्यावरही एलईडी मिणमिणत राहतो. मग खरा दोष कुठला आणि एलईडीचा कुठला, हे शोधत बसाल. आधी दुखणं शोधा.

प्रश्न विचारणारी

मुलीला शेजारी बसवून डॅशबोर्डवर लक्ष ठेवायला सांगितलं. तिसऱ्या गतिरोधकाला ती ओरडली, "डिकी!" चिन्ह डिकीचंच, दोन्ही वेळा. मागचा वायपर बरेच दिवस रेंगाळत चालतोय, मी ते वयावर ढकललं होतं. पण एक कळत नाही. डिकी बंद असताना उघडी दिसते आणि उघडी असताना बंद. एकच दोष दोन उलट गोष्टी कसा करेल?

प्रतिसाद १

करतो. डिकी आणि छत यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, एक काळी रबरी नळी दिसेल. डिकीच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि डिकी उघडमीट केली की दर वेळी तिथेच वाकतात. नऊ वर्षांत हजारो वेळा. प्लास्टिक तडकतं, मग आतली तार तुटते.

बऱ्याच गाड्यांत डिकी उघडली की लॉकमधला स्विच आपली वायर अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वायरीला) जोडतो, आणि त्यावरून मॉड्यूलला कळतं. वायर मध्येच तुटली असेल तर डिकी उघडल्याचा निरोप पोचत नाही. आणि तुटलेलं टोक हादऱ्याने शेजारच्या सोललेल्या अर्थच्या वायरीला टेकलं, तर बंद डिकी उघडी वाटते. वायपर रेंगाळतो म्हणजे अर्थची वायरही अर्धवट गेलीय असा माझा कयास.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, रबरी नळी दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवा. एकेक वायर वाकवून बघा, तुटलेली असेल तर तिथे ती जास्तच मऊ लागते. वायर अखंड असल्याचं सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या 'बीप'वर विसंबू नका. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी तो वाजतो, पण त्या धाग्यावर वायपरची मोटर चालत नाही. बॅटरी पुन्हा जोडून वायपर चालू ठेवा आणि त्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ च्या आत हवं.

आणि हो, त्याच नळीतून मागच्या काचेच्या पाण्याची बारीक पाइप जात असेल. वायर समजून ती कापणारे भेटलेत मला.

प्रश्न विचारणारी

वायपर चालू असताना अर्थवर १.९ व्होल्ट! आणि बीप मात्र ठणठणीत वाजत होता.

नळी सरकवल्यावर दिसलंच. एक पातळ वायर पूर्ण तुटलेली, तिचं तांबं बाहेर. तिला चिकटूनच जाड काळी वायर, प्लास्टिक फाटलेली, आत चार-पाच धागे उरलेले. हाताने ते उघडं तांबं काळ्या वायरीच्या धाग्यांना टेकवलं की छतावरचा दिवा लागे. पाच मिनिटं मी नुसता तोच खेळ करत बसले.

जोड वाकणाऱ्या भागातच देऊ का? सोल्डरिंग येतं मला.

प्रतिसाद ३

तिथे नको. सोल्डर तारेत झिरपून ती कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथे पुन्हा तुटते. खराब तुकडा काढून त्याच जाडीची लवचीक वायर घाला, एक जोड छताच्या बाजूला, दुसरा डिकीच्या आत. दोन्ही वायरींचे जोड शेजारीशेजारी आणू नका, गाठ जाड होऊन नळीत शिरत नाही. वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते.

प्रश्न विचारणारी

झालं. अर्थवर आता ०.०८ व्होल्ट. वायपर इतका जोरात फिरला की मी दचकले. तीन आठवडे नोंदवहीत शून्य. रबरी नळीची कड मात्र पहिल्यांदा नीट बसली नव्हती, गाडी धुताना पाणी आत आलं. साबणाचं पाणी लावून बोटाने कड गोल फिरवत बसवली, तेव्हा खट्कन बसली.

काढलेला दाराचा स्विच डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. तोही तपासला, ठीक आहे.