विषय: मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याची शंका शाळेला येते तेव्हा नेमकं काय होतं

नमस्कार मंडळी,

रविवारच्या मराठी शाळेचं नवं सत्र सुरू होतंय. पालक दोन गोष्टी सारख्या विचारतात. पब्लिक स्कूलमधले शिक्षक कशावरून बालसंरक्षण विभागाला फोन करतात, आणि आपल्या स्वयंसेवक शिक्षकांना काही खटकलं तर त्यांनी काय करायचं? या ईमेल यादीवर जाणकार आहेत, त्यांनी कृपया लिहावं. दर राज्याचा कायदा वेगळा, म्हणून कॅलिफोर्नियापुरतंच बोलू. किस्से नकोत, कुणाच्या घरचं उदाहरण तर अजिबात नको.

वैशाली

———

वैशालीताई,

आधी शिक्षकाचं काम कुठे संपतं ते सांगते, कारण घोळ तिथेच होतो. छळ झालाय का, कुणी केला, हे शोधणं शिक्षकाचं काम नाही. कायद्याला हवा असतो तो वाजवी संशय. त्याच माहितीवरून, तेवढंच प्रशिक्षण असलेल्या दुसऱ्या कुणालाही शंका आली असती, एवढं पुरतं. खात्री लागत नाही, डॉक्टरचा दाखलाही लागत नाही.

संशय आला की रिपोर्ट करणं ही जबाबदारी प्रत्येकाची वैयक्तिक आहे. शिक्षक, काउन्सेलर, नर्स तर झालेच, पण पब्लिक स्कूलच्या ऑफिसात बसणारा क्लार्क, बसचालक, सफाई कर्मचारी हेसुद्धा मॅन्डेटेड रिपोर्टर, म्हणजे रिपोर्ट करणं कायद्याने बंधनकारक असलेले, असतात. प्रिन्सिपलच्या कानावर घातलं म्हणजे सुटलो, असं होत नाही. आपल्याकडे ‘वरिष्ठांना सांगितलं, आता ते बघतील’ ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. इथे ती कायद्याने चालत नाही. प्रिन्सिपल रिपोर्ट करू नका असंही सांगू शकत नाही. दोघांतिघांना एकच गोष्ट कळली असेल तर एकाने सगळ्यांच्या वतीने रिपोर्ट केलेला चालतो, पण त्याने केला नाही हे कळलं की बाकीच्यांवर जबाबदारी परत येते. टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिली पायरी फोन, शक्य तितक्या लगेच. काउंटीच्या बालसंरक्षण विभागाची हॉटलाइन चोवीस तास चालू असते. पोलीस किंवा शेरीफकडेही रिपोर्ट करता येतो. स्कूल डिस्ट्रिक्टचे स्वतःचे पोलीस मात्र यात धरले जात नाहीत. दुसरी पायरी लेखी फॉर्म, माहिती मिळाल्यापासून ३६ तासांच्या आत. शुक्रवारी दुपारी कळलं तर मुदत रविवारी पहाटे संपते. ‘सोमवारी बघू’ म्हणणारे इथेच फसतात.

फोन करताना समोर हे असावं: मुलाचं नाव, वय, पत्ता, आत्ता मूल कुठे आहे, शाळा किती वाजता सुटते, नेणारं कोण, घरात आणखी मुलं आहेत का, घरात कोणती भाषा बोलतात, काय दिसलं आणि मूल काय म्हणालं. एखादी गोष्ट माहीत नाही म्हणून फोन थांबवायचा नाही. आज घरी पाठवणं धोक्याचं वाटत असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं, शेवटच्या नाही. शाळा स्वतःच्या अधिकारात मुलाला अडवून ठेवू शकत नाही, तो निर्णय पोलीस घेतात. प्राणाशी गाठ असेल तर थेट ९११. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवायची.

आता मूल स्वतःहून बोललं तर. ऐकायचं, घाबरल्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही. विचारायचंच तर ‘काय झालं?’ आणि ‘आणखी काही सांगायचंय?’ एवढंच. ‘बाबांनी मारलं का?’ हा प्रश्न नाही, उत्तर तोंडात घालणं आहे. लॉस एंजेलिसजवळच्या मॅकमार्टिन प्रीस्कूलचं प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये एकही दोषी न ठरता संपलं. मुलांच्या मुलाखती ज्या पद्धतीने घेतल्या गेल्या, त्यावर त्यात सगळ्यात जास्त टीका झाली. म्हणून आता खोलात जाऊन विचारायचं काम प्रशिक्षित मुलाखतकार करतात, शक्यतो एकदाच आणि रेकॉर्डिंगसह. अशा मुलाखतींसाठीचं पहिलं केंद्र १९८५ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलला सुरू झालं.

मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. मूल मराठीत बोललं तर मराठीतच लिहा, भाषांतर नंतर. ‘मूल अस्वस्थ होतं’ हे निरीक्षण नव्हे. ‘जिन्याखाली बसून होतं, घरी जायची वेळ झाल्यावर उठेना’ हे निरीक्षण.

अनघा

———

अनघाताईंनी प्रक्रिया सांगितली, मी खुणांपुरतं लिहितो.

खेळणाऱ्या मुलाला लागतं ते हाडावर: नडगी, गुडघा, कोपर, कपाळ. शंका येते ती मऊ किंवा झाकलेल्या जागांवरच्या वळांनी: गाल, कान, मान, पाठ, पोट, कुल्ले, मांडीची आतली बाजू. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळंनिळं दिसलं तर गंभीरपणे घ्यायचं. पालथंही न पडणाऱ्या तान्ह्या बाळाला कुठेही वळ असला तर तो तपासायलाच हवा. आकार बोलतो: दुहेरी वायरीने मारल्याचा फासासारखा वळ, थपडेच्या समांतर रेघा, पट्ट्याच्या बकलाचा ठसा. गरम पाण्यात हातपाय बुडवल्याने भाजल्याची खूण पायमोजा चढवल्यासारखी सरळ कडेची असते, आजूबाजूला शिंतोडे नसतात. पाणी अंगावर सांडलं तर असं होत नाही.

रंगावरून वळ किती जुना ते सांगता येत नाही, डॉक्टरलाही खात्रीने नाही. ‘दोन दिवसांपूर्वीचा’ असं लिहू नका. जागा, आकार, रंग, साधारण सेंटिमीटर, एवढंच. कपडे काढून बघायचं नाही, स्वतःच्या फोनवर फोटो काढायचे नाहीत.

आपल्या मुलांपुरतं एक महत्त्वाचं. भारतीय वंशाच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर करडे डाग असतात. बहुतेक शाळेच्या वयापर्यंत फिके होतात, काही राहतात. वळाचा रंग काही दिवसांत पालटतो, हे डाग महिनोन्महिने तसेच दिसतात. बालरोगतज्ज्ञांकडून नोंद करून घ्या आणि डे-केअरच्या फाइलमध्ये प्रत द्या. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यावर उठणारे तपकिरी ओघळ आणि रक्त न गोठण्याचे विकारही असेच फसवतात. तरीही वेगळेपण ठरवणं डॉक्टरचं काम, शिक्षकाचं नाही.

डॉ. सतीश

———

सतीशराव, अनघाताई, माहिती उत्तम. पण मला पटत नाही ते असं की निव्वळ शंकेवरून फोन, आणि आईवडिलांना आधी विचारायचंही नाही? पाठीत धपाटा घातला, मार्कांवरून ओरडलो, मुलाला तासभर घरी एकटं ठेवलं, एवढ्यावरून दारात माणूस उभा राहणार का?

श्रीकांत

———

श्रीकांतदादा,

आईवडिलांना आधी विचारलं आणि त्यातलाच एखादा मारणारा असेल तर त्या रात्री मुलाला गप्प केलं जातं, भावंडांना पढवलं जातं. म्हणून शाळा आधी विचारत नाही. पण तुमच्या तिन्ही उदाहरणांतला फरक कायद्यालाही कळतो. वयाला धरून, इजा न करता कुल्ल्यावर दिलेली चापट हा कॅलिफोर्नियात छळ ठरत नाही. पट्टा, लाटणं, वायर घेतली किंवा वळ उठले, की शाळा फोन करणार. ओरडण्याबद्दल: मुलाला गंभीर मानसिक इजा होतेय असं वाटलं तर शिक्षक रिपोर्ट करू शकतो, अन्याय्य क्रूर वागणुकीमुळे मूल मानसिक यातना सोसत असेल तर करावाच लागतो. मार्कांवरून एकदा आवाज चढणं यात येत नाही. आणि एकटं ठेवायला इथे किमान वय ठरलेलं नाही. मूल किती समजूतदार, किती वेळ, संकटात कुणाला बोलवेल, हे बघतात.

हेळसांड सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात अवघड तीच. एका दिवसावरून ती दिसत नाही. दुखरी दाढ महिनाभर तशीच, चष्मा फुटल्याचं तीनदा कळवूनही काही नाही, सोमवारी मूल हावऱ्यासारखं खातंय, शुक्रवारी डब्यातलं दप्तरात लपवतंय: तारीखवार नोंदी असतील तरच चित्र उभं राहतं. २०२३ पासून कायद्यात स्पष्ट आहे की केवळ गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. गंभीर इजेचा किंवा आजाराचा मोठा धोका दिसायला हवा. जुना कोट घातलेल्या मुलासाठी फोन नको, कोट द्या.

फोन केला म्हणजे मूल उचलून नेलं, असंही नाही. कित्येक फोनवर प्रत्यक्ष भेटही होत नाही, नुसती छाननी होते. भेट ठरलीच तर तातडीची, नाहीतर दहा दिवसांच्या आत. सोशल वर्कर शाळेत मुलाशी बोलू शकतो. मूल हवं तर शाळेतला एखादा मोठा माणूस सोबत निवडू शकतं, त्याने मात्र मध्ये बोलायचं नाही. दारात आलेल्याने पहिल्याच भेटीत तक्रार काय आहे ते सांगायला हवं. तातडीचा धोका नसेल तर घरात यायला तुमची संमती किंवा वॉरंट लागतं. मराठी दुभाषा मागा, मुलाला दुभाषा करू देऊ नका, न वाचता सही करू नका.

आणि कुणी फोन केला हे शोधत बसू नका. नाव गोपनीय असतं, मॅन्डेटेड रिपोर्टरला कायद्याचं संरक्षणही असतं.

अनघा

———

आता आपल्या शाळेचं. २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी, कर्मचारी आणि नियमित स्वयंसेवक यांना बोटांच्या ठशांसह पार्श्वभूमी तपासणी आणि रिपोर्टिंगचं प्रशिक्षण बंधनकारक आहे. नियमित म्हणजे अठरा वर्षांपुढचा, महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांहून जास्त वेळ मुलांबरोबर असणारा. दर रविवारी दोन तास शिकवणारे सगळे यात येतात. फक्त गणपतीत मदत करणारे बहुधा नाहीत. मुलांबरोबर शक्य तोवर दोन मॅन्डेटेड रिपोर्टर असावेत, असं लेखी धोरणही लागतं. साधा स्वयंसेवक स्वतः मॅन्डेटेड रिपोर्टर नसतो, पण तो फोन करू शकतो आणि त्याने करावा. ‘मंडळाचं नाव खराब होईल’ म्हणून कार्यकारिणीत आधी चर्चा, हा प्रकार होऊ नये यासाठी धोरणात सरळ लिहू: ज्याने पाहिलं त्याने फोन करायचा, समितीला नंतर कळवायचं, तेही मुलाचं नाव न घेता.

मूल दुसऱ्या काउंटीत राहत असेल तर कुठला नंबर, हे मागच्या बैठकीत विचारलं होतं. आपल्या काउंटीचा लावा. हद्द आपली नाही म्हणून त्यांना रिपोर्ट नाकारता येत नाही. एकतर ते स्वतः घेतात, नाहीतर फोन तिथल्या तिथे योग्य ठिकाणी जोडून देतात.

वैशाली