एक चालते, दुसरी बाधते : तुमचा अनुभव सांगा

नौपाडेकर

मागच्या रविवारी मेहुणा नाशिकहून रेड वाइनची बाटली घेऊन आला. अर्धा ग्लास संपेपर्यंत माझं नाक चोंदलं, गाल तापले, मानेला खाज सुटली. बायको म्हणाली, "चढली." अर्ध्या ग्लासात? दोन पेग व्हिस्की घेऊन मी आमच्या बिनालिफ्टच्या इमारतीत तिसरा मजला चढतो, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "बांगडा कधी बाधलाय का?" बाधला होता, दोनदा! बांगडा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. वाइन आंबतानाही तेच तयार होतं, पांढरीपेक्षा लाल वाइनमध्ये जास्त. आतड्यात ते मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, माझ्यात बहुधा कमी असावं असं डॉक्टरांचं मत. वर दारू त्या विकराच्याच कामात आडवी येते. व्हिस्की ऊर्ध्वपातनाने काढतात, हिस्टामिन भांड्यातच मागे राहतं. मासळीवाली मावशी मला कल्ले उघडून दाखवते. वाइनला कल्ले नसतात.

तर मंडळी, तुम्हाला काय चालतं, काय बाधतं? 'अ‍ॅलर्जी आहे' एवढ्यावर सुटू नका. किती घेतली, सोबत काय खाल्लं, कोणती गोळी चालू होती, सगळं लिहा. 'सोडून द्या' हा सल्ला घरी मिळतो, इथे नको.

ऐरोलीची दमेकरी

माझं काकांच्या उलट. लाल चालते, पांढरी नाही. कंपनीच्या पार्टीत गोड व्हाइट वाइनचे चार घोट घेतले आणि दहा मिनिटांत छातीतून शिट्टी. पंप पर्समध्ये होता म्हणून निभावलं. सगळे म्हणाले एसीची हवा. मलाही पटलं.

पुढे दिवाळीला तुर्भ्याच्या मार्केटमधून सुकामेवा आणला. केशरी, चकचकीत जर्दाळू. दोन खाल्ले, तीच शिट्टी. छातीच्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एका दमात (हो, दमातच) सांगितल्या तेव्हा उलगडा झाला: सल्फाइट. जर्दाळूचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. वाइन बिघडू नये म्हणूनही सल्फाइट घालतात. घशात त्याचा सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळतात. लाल वाइनला द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन राखतं, म्हणून तिला सल्फाइट कमी पुरतं. गोड पांढरीला सर्वांत जास्त लागतं. आता लेबलवर सल्फाइटचा, 220 ते 228 मधला आकडा दिसला की बाटली खाली ठेवते. जर्दाळू काळपट, सुरकुतलेले घेते. दिसायला भिकार, चवीला उत्तम.

हळदीतला पाहुणा, कोपरखैरणे

आमची ॲलर्जी वगैरे काय नाय, आगरी माणूस आहे. पण प्रत्येक हळदीत एकच तक्रार: रम घेतली तर सकाळी साखरपाणी घेऊन कामाला, बिअर घेतली की उलट्या आणि दुसरा दिवस बाद. मी छातीठोक सांगायचो, "मना बिअर सोसत नाय." आमचा मामा म्हणायचा, "आरं, बिअर म्हंजे पानीच!"

एकदा भाचीने कॅल्क्युलेटर काढला. बारावी सायन्स, त्यामुळे बोलता येईना. स्ट्राँग बिअर 8 टक्के, बाटली 650 मिलीची, म्हणजे निव्वळ अल्कोहोल 52 मिली. रम 42.8 टक्के, 30 मिलीच्या पेगात जेमतेम 13. एक बाटली म्हणजे चार पेग! मी हळदीत तीन बाटल्या प्यायचो, म्हणजे बारा पेग, आणि रमचे मोजून चार घ्यायचो. त्यात रम जेवताना, बिअर मात्र डीजेसमोर नाचताना, उपाशी पोटी.

बिअरवर उगाच आळ घेतला होता. मामाला हे सांगितलं, तो अजून पानीच म्हणतो.

सीवुड्सवाला

व्होडका प्यालं की डोकं उठत नाही, असं आमच्या ग्रुपचं शास्त्र. अर्धं खरं आहे. आंबवताना आणि पिंपात मुरताना अल्कोहोलखेरीज मिथेनॉल, फ्युजेल तेलं असली इतर द्रव्यंही येतात. ब्रँडीत आणि बर्बन या अमेरिकी व्हिस्कीत ती भरपूर, व्होडकात जवळजवळ नाहीत. अमेरिकेत सारख्याच नशेपर्यंत बर्बन आणि व्होडका पाजून पाहिलं, तेव्हा बर्बनवाल्यांची डोकी जास्त ठणकली. पण झोप आणि लक्ष दोन्हींकडे सारखंच बिघडलं. आणि रंगावर जाऊ नका. आपल्याकडची बरीच स्वस्त व्हिस्की मळीच्या स्पिरिटची असते, रंग कॅरॅमलचा.

मासुंदा

जिन-टॉनिक घेतलं की उजव्या हाताच्या करंगळीवर जांभळा डाग. दर वेळी तिथेच! मी जिनला शिव्या घातल्या, तीन ब्रँड बदलले. जिन आणि साधा सोडा घेतला, काही नाही. चर्मरोगवाल्या बाईंनी डाग पाहून पहिला प्रश्न केला, "टॉनिक वॉटर पिता?" त्यातलं कडू ते क्विनाइन, मलेरियाचं जुनं औषध. काहींना त्याने ठराविक जागीच डाग उठतो. मला मलेरिया कधी झाला नाही, त्याच्या औषधाची रिॲक्शन मात्र झाली. नशीब.

व्हीट बिअरग्रस्त

व्हीट बिअरने अंगावर गांधी उठतात, वाइनने नाही. मला लहानपणापासून गव्हाचं वावडं आहे. 'व्हीट' हा शब्द इतकी वर्षं वाचून डोक्यात कसा शिरला नाही, हे विचारू नका.

(नाव नको)

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

बाबा घणसोलीकडच्या कारखान्यात होते. रोज क्वार्टर. लोकलच्या डब्यात जाहिराती असतात ना, 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा'. आई त्यातल्या एकीकडे गेली नाही, पण ओळखीच्या कुणीतरी गोळ्या आणून दिल्या. ती कुटून डाळीत घालायची. मला माहीत होतं. मी सोळा वर्षांचा होतो.

चौथ्या दिवशी बाबा पिऊन आले आणि दारातच बसले. चेहरा लालभडक, डोळे तांबारलेले, छाती इतकी धडधडत होती की शर्ट हलताना दिसत होता. उलट्या झाल्या, मग एकदम गार पडले. रिक्षात बाबा सारखं म्हणत होते, "आज माल खराब होता रे." 2015 ला मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली होती, ते त्यांच्या डोक्यात होतं. आपल्याला मिथेनॉल मिळालं असं समजून ते मरायची तयारी करत होते. आई पुढे बघत होती. मीच कॅज्युअल्टीत डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं.

बाबा वाचले. दोन वर्षं घरी डाळ खाल्ली नाही.

गोळ्यावाली, वाशी

दादा, तुम्ही डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलंत हे फार बरं केलंत. मी औषधांचं दुकान चालवते, म्हणून थोडं लिहिते. ती गोळी बहुधा डायसल्फिरम. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. गोळी ही दुसरी पायरी अडवते. 1940च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे ती जंतांवर चालते का ते तपासत होते. स्वतः घेऊन पाहिली आणि नंतर दारू पिताच आजारी पडले, तेव्हा हा गुण कळला. रुग्णाला सांगून, हृदय-यकृत तपासून द्यायचं औषध आहे ते. चोरून देऊ नयेच. बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, तेवढ्यात अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा बाधू शकतं.

दात-पोटासाठी देतात त्या मेट्रोनिडाझोलबद्दलही हाच इशारा पाकिटावर असतो. 2002 मध्ये फिनलंडमध्ये निरोगी माणसांवर तपासलं तेव्हा अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढलेलं दिसलं नाही, त्यामुळे तज्ज्ञांत मतभेद आहेत. मी गिऱ्हाइकाला तरी 'कोर्स संपेपर्यंत थांबा' असंच सांगते.

महापेकर

म्हणजे आमच्या जपानी इंजिनियरचं हेच! अर्ध्या बिअरमध्ये टोमॅटो व्हायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा. म्हणायचा, घरात सगळ्यांचं असंच होतं. पूर्व आशियात पुष्कळांची ती दुसरी पायरी जन्मतःच अधू असते. शिवाय लाल होऊनही पीत राहणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका जास्त, हे नंतर वाचलं. आम्ही त्याला आग्रह करकरून पाजली होती.

नौपाडेकर

नाव न लिहिणाऱ्या दादांना काय म्हणावं सुचत नाही. वाचलं, एवढंच.

मेहुण्याने पाठवलेली भर: 2023 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या लोकांनी रेड वाइनच्या डोकेदुखीचा संशय क्वेर्सेटिनवर घेतला. हे द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य, ऊन खाल्लेल्या घडात जास्त. तेही ती दुसरी पायरीच अडवतं म्हणे, पण अजून फक्त प्रयोगशाळेत दिसलंय. नाशिकचं ऊन आठवून मी ती बाटली त्यालाच परत केली.

खारघर सेक्टर माहीत नाही

उशिरा लिहितोय. मला नाक, खाज, पित्त काही नव्हतं. बिअर असो, रम असो, काही मिनिटांत मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरच्या हाडावर दुखायचं. ग्लास ठेवला की तासाभरात कमी. मित्र म्हणाले, उशी बदल. बदलली. सहा महिने मी तेवढ्यापुरती दारू टाळली आणि प्रश्न सुटला असं समजलो.

मग दाढी करताना त्याच जागी गाठ लागली. फॅमिली डॉक्टरांनी बोटं फिरवत सहज विचारलं, "प्यायल्यावर दुखतं का इथे?" मी उडालोच. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये क्वचित कुणाला दारूने गाठ दुखते, त्यांनी ते फक्त पुस्तकात वाचलं होतं. बायोप्सीत तेच निघालं. उपचार इथेच टाटाच्या केंद्रात झाले, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. सहा वर्षं झाली, ठीक आहे.

मित्र अजून बसतात. मीही बसतो, शेंगदाणे माझ्याकडे असतात.